बोका सुधारला नव्हता

आमच्या गल्लीत एक बोका होता. राखाडी अंग, त्यावर काळे पट्टे, रुंद गालफडं आणि एका कानाचा लचका तुटलेला. सगळे त्याला पैलवान म्हणायचे. कुणाच्या हाताला लागेल तर शपथ! भाकरीचा तुकडा टाकला तरी माणूस दहा पावलं मागे सरकल्याशिवाय तो तोंड लावत नसे. रात्री कौलांवर त्याची भांडणं चालत आणि सकाळी फुटलेल्या कौलांचा हिशेब लोक त्याच्या नावावर मांडत.

गेल्या पावसाळ्यात, ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी हा पैलवान आमच्या सोप्यात आला आणि माझ्या पायाशी बसला. मी भीत भीत त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो हलला नाही. आजी म्हणाली, "वय झालं की त्याचं. सुधारला आता." मी फोटो काढून स्टेटसला ठेवला, 'अखेर पैलवान पटला' असं लिहून. मित्रमैत्रिणींनी भराभर हृदयं पाठवली. दुसऱ्या दिवशीही तो तिथंच होता. दूध ठेवलं, त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. "लाड चाललेत," आम्ही म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या दारी जळणाच्या ढिगाआड मेलेला सापडला.

उचलताना दिसलं, शेपटीच्या बुडाशी केसांखाली मोठी गाठ होती. फुटलेली, पू वाहून सुकलेला. नंतर ओळखीच्या एका पशुवैद्यांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आधी तो हात लावून घेत होता काय?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग ज्या दिवशी लावून घेतला, त्याच दिवशी आणायचा होता."

बोका सुधारला नव्हता. बोका आजारी होता. त्याच्या अंगात प्रतिकार करायची ताकद उरली नव्हती आणि आम्ही त्यालाच माया समजलो.

हा लेख त्या चुकीबद्दल आहे. माझं म्हणणं साधं आहे. गल्लीतल्या प्रत्येक मांजराचा रोजचा स्वभाव कुणाला तरी माहीत असला पाहिजे, कारण त्या स्वभावातला बदल ही पुष्कळदा आजाराची पहिली बातमी असते. आणि ही बातमी डॉक्टरला आधी कळत नाही. ती रोज बघणाऱ्या शेजाऱ्यालाच कळते.

आपण मांजरांकडे बघतो, पण ठोक भावात. "मांजराची जातच आपमतलबी." "बोका म्हणजे चोर." आपल्या म्हणींतही मांजर एकच आहे: डोळे मिटून दूध पिणारं, उंदराची साक्ष देणारं, आडवं जाणारं. आमच्या खानापुरात तर एकाच गल्लीत त्याला तीन भाषांतून हाका मारतात. मराठी घरात ती मनी, कन्नड घरात बेक्कू, कोकणी बोलणाऱ्यांकडे माजर. तिन्ही दारांत ती जेवते. पण आज ती तिन्ही दारांत जेवली नाही, हे तिन्ही घरांपैकी एकालाही कळत नाही. प्रत्येकाला वाटतं, शेजारी खाऊन आली असेल.

यात मांजराचाही एक गुण आड येतो. मांजर दुखणं लपवतं. ते शिकारी आहे खरं, पण आकारानं लहान, म्हणजे कुत्र्याचं किंवा बिबट्याचं भक्ष्यही होऊ शकतं. दुबळेपणा दाखवणं त्याला परवडत नाही. कुत्रं विव्हळतं, गाय हंबरते. मांजर मात्र फक्त थोडं कमी मांजर होतं. कमी चाटतं, कमी उड्या मारतं, कोपऱ्यात बसतं. म्हणून २०१९ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टीच तयार केली. त्यात पाच गोष्टी बघतात: कान बाहेरच्या बाजूला वळलेत काय, डोळे बारीक झालेत काय, नाकातोंडाचा भाग ताणलाय काय, मिशा सरळ ताठ झाल्यात काय आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली झुकलंय काय. या पाचही गोष्टी बघायला यंत्र लागत नाही. पण एक अट आहे. हे मांजर एरवी कसं दिसतं ते आधी माहीत असलं तर फरक लवकर कळतो. मी पैलवानाचा स्टेटसवरचा फोटो परत काढून बघितला. डोळे अर्धे मिटलेले, डोकं खाली. मी त्याला 'शांत' म्हटलं होतं.

आता स्वभावाकडे येऊ. आमच्या घरची मनी परक्या माणसाच्याही मांडीवर चढते. कॉलेजच्या कॅन्टीनमागे राहणारी तिरंगी जवळ येते, पण हात उचलला की पळते. मासळीवाल्यांच्या फळ्यांखाली वाढलेली पिल्लं तर माणसाची सावली पडली तरी फिसकारतात. लोक म्हणतात, ही जात चांगली, ती जात वाईट. पण या तिन्ही एकाच जातीच्या, आपल्या साध्या गावठी मांजरी आहेत. मग फरक कशाचा?

आपल्याकडे म्हणतात, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. आजी हे सांगायची तेव्हा मला ती गंमत वाटायची. भाटी पिल्लांना तोंडात धरून जागा बदलत राहते हे मात्र खरंच आहे. वास, ओल, बोक्याची भीती अशी कारणं असतात. आता त्याच्या जोडीला प्राणी वर्तनाचे अभ्यासक काय सांगतात ते बघा. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना त्याला माणसाचा हात लागला, आवाज ऐकू आला, तर ते माणसाला आपलं मानायला शिकतं. हा काळ तसाच गेला की पुढे ती ओळख फार अवघड होते. म्हणजे सात घरांपैकी कुठल्या घरात ते पिल्लू त्या पाच आठवड्यांत होतं, यावर त्याचा जन्मभराचा स्वभाव पुष्कळसा ठरतो. माळ्यावरच्या गवतात होतं की चुलीपाशी? मुलं खेळणाऱ्या सोप्यात की मासळीच्या रिकाम्या पेट्यांमागे?

दुसरी गोष्ट बापाची. १९९५ मध्ये सँड्रा मॅक्यून यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मनमिळाऊ बोक्याची पिल्लं नव्या माणसाकडे आणि नव्या वस्तूकडे जास्त धिटाईनं जातात, असं त्यात दिसलं. बोका पिल्लं वाढवत नाही, बहुतेक वेळा त्यांना बघतही नाही. म्हणजे थोडा स्वभाव रक्तातून येतो आणि थोडा त्या पाच आठवड्यांतून. मासळी बाजारातलं पिल्लू 'वाईट' नाही. त्याला कुणी वेळेवर हात लावला नाही, एवढंच.

रंगाचंही असंच. तांबडा बोका आळशी, तिरंगी मांजर तापट, काळी अपशकुनी असं सर्रास बोललं जातं. रंगाचा लिंगाशी संबंध आहे हे खरं. तांबडा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून तांबड्यांत बोके जास्त आणि तिरंगी जवळजवळ नेहमी मादीच. पांढऱ्या शुभ्र, दोन्ही डोळे निळे असलेल्या मांजरांत बहिरेपणाचं प्रमाण फार मोठं असतं. तिला हाक मारून ती आली नाही तर ती माजोरी आहे असं नव्हे, तिला कदाचित ऐकूच येत नसेल. पण रंगावरून राग, लोभ, शकुन काढणं म्हणजे न बघता मत बनवणं. माणसांच्या बाबतीत आपण हे करतो तेव्हा त्याला काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे.

आता अशी एक समजूत, जिच्यामुळे पिल्लं खरोखर मरतात. "आमच्या घरात मांजर लाभत नाही." खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात हे वाक्य ऐकायला मिळेल. एक पिल्लू आणलं, उलट्या झाल्या, दोन दिवसांत गेलं. महिन्यानं दुसरं आणलं, तेही गेलं. मग घराला दोष, नजरेला दोष, वास्तूला दोष. खरं कारण बऱ्याचदा एक विषाणू असतो. पॅनल्यूकोपेनिया नावाच्या आजाराचा हा विषाणू घरात, अंगणात, पोत्याच्या तरटात वर्षभरसुद्धा टिकून राहू शकतो. साध्या साबणानं तो जात नाही, ब्लीचिंगच्या पाण्यानं जातो. जुन्या तरटावरच नवं पिल्लू निजवलं की तोच आजार त्याला होतो. यावर लस आहे. त्याच लसीत मांजरांच्या सर्दीच्या दोन मुख्य विषाणूंपासूनही संरक्षण मिळतं. आपल्या पावसात चार महिने सगळी मांजरं एका माळ्यावर, एका वाडग्यात जेवत असतात, तेव्हा चिकटलेले डोळे आणि वाहती नाकं गल्लीभर का फिरतात ते आता कळेल. 'लाभत नाही' म्हणायच्या आधी तरट जाळा, फरशी धुवा आणि पुढच्या पिल्लाला लस द्या.

मग नेमकं बघायचं काय? खातंय की नाही, हे पहिलं. मोठ्या मांजरानं दिवसभर काहीच खाल्लं नाही तर ती काळजीची गोष्ट आहे. दोन-तीन दिवसांच्या उपासानं, विशेषतः जाड मांजराचं, यकृत बिघडू शकतं. अंग चाटतंय की केस राठ आणि गुंतलेले दिसतात? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पांढरट पडदा वर आलाय काय? चालताना पाय उचलून धरतं काय? श्वास मोजा: निजलेल्या मांजराचा मिनिटाला साधारण तीसच्या आत असतो. बोका वारंवार लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, तर त्याला लघवी अडली असण्याची शक्यता आहे. त्याला तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नव्हे. आणि शेवटचं, माझ्या चुकीतून आलेलं: लाजरं मांजर अचानक अंगाशी आलं किंवा मायाळू मांजर अचानक चावायला लागलं, तर दोन्ही सारखेच धोक्याचे.

इथं एक इशारा द्यायलाच हवा. स्वभाव असा एकाएकी उलटण्यामागे रेबीजही असू शकतो. मी पैलवानाला कुरवाळलं तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. अशा मांजराला उघड्या हातानं धरू नका. ते चावलं किंवा ओरखडलं तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद-चुना लावून घरात बसू नका. मांजरावर माया करायची म्हणजे आपला जीव गहाण टाकायचा असं नाही.

आपल्या मायेमुळेही मांजरं मरतात, तेही सांगतो. मांजराचं अंग तापलं म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी देणारे लोक आहेत. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही. अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. फरशी पुसायचं फिनेलही तसंच. ओल्या फरशीवरून मांजर चालतं, पंजे चाटतं आणि फिनेल पोटात जातं. कुत्र्याची गोचीड मारायची औषधं मांजराला लावली तर त्यातल्या काहींनी झटके येतात. आणि आपला लाडका दूधभात? पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. गंमत म्हणजे साखर घातली तरी त्यांना गोड चव कळतच नाही. त्यांना टॉरीन नावाचा घटक मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. उंदीर मारणारी मांजर दूधभातावर तग धरते ती उंदरांमुळे, दूधभातामुळे नव्हे.

आपल्या तालुक्यापुरती आणखी एक गोष्ट आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते त्या बाजूला गावाची शेवटची कौलं संपतात आणि रान सुरू होतं. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. पश्चिम घाटाच्या रानात रानमांजर आहे, वाघाटी आहे. वाघाटी ही जगातल्या सगळ्यात लहान रानटी मांजरांपैकी एक, दीड किलोच्या आसपास भरणारी. गावातलं मांजर शिकारीला रानाच्या कडेला जातं आणि आपला आजार सोबत नेतं. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू घरचं मांजर आणि रानातलं मांजर असा भेद करत नाही. बिबट्याच्या कुळालाही तो होऊ शकतो. म्हणजे जांबोटीच्या एखाद्या घरातल्या मनीला दिलेली लस ही रानाचीही थोडी राखण आहे. आणि उसात किंवा काजूच्या बागेत ठिपक्यांची पिल्लं सापडली तर ती 'गोड मांजरं' म्हणून घरी आणू नका. वाघाटीला कायद्यानं सर्वात वरचं संरक्षण आहे. शिवाय आई बहुतेक जवळच असते. महाराष्ट्रात ऊसतोडीत सापडलेली वाघाटीची पिल्लं वनखात्यानं त्याच जागी ठेवून आईच्या स्वाधीन केल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे हात लावायच्या आधी वनखात्याला कळवा.

आता तुम्ही म्हणाल, माणसांचे प्रश्न काय कमी आहेत? परीक्षा आहेत, नोकऱ्या नाहीत, बसच्या वेळा जमत नाहीत, आणि हा मांजरांची गालफडं मोजत बसलाय! हा आक्षेप मला माझ्या वर्गातच ऐकायला मिळाला. त्यात थोडं तथ्यही आहे. मांजराला चिकन आणि शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना विचारपूस नाही, असं प्रेम मलाही पटत नाही. पण माझा अनुभव उलटा आहे. पैलवानानंतर मी गल्लीत नीट बघायला लागलो आणि त्यातच लक्षात आलं, की रोज सकाळी मांजरांना मासळीची डोकी टाकणाऱ्या मावशी दोन दिवस दिसल्या नाहीत. मांजरं दारात बसून होती. जाऊन बघितलं तर त्या तापानं पडून होत्या. नजर एकदा लागली की ती मांजरापुरती थांबत नाही.

आपण साहित्य मंडळाची माणसं आहोत. बघणं आणि नोंदवणं हेच तर आपलं काम! व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ला १९८३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातली वानरं म्हणजे नुसता कळप नाही. प्रत्येकाचं वेगळेपण लेखकानं ओळखलंय. जेन गुडाल १९६० मध्ये गोंबेच्या रानात गेल्या आणि चिंपांझींना आकडे न देता नावं दिली, तेव्हा काही शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. पुढे त्याच नोंदींनी जगाला प्राण्यांकडे बघायला शिकवलं. मोठ्या लोकांची नावं मी फुशारकीसाठी घेत नाही. नाव दिलं की बघणं सुरू होतं, एवढंच मला म्हणायचंय.

म्हणून माझा प्रस्ताव आहे. कॅन्टीनमागच्या मांजरांसाठी एक वही ठेवू. दोनशे पानी, साधी. प्रत्येक मांजराला एक पान: रंग, खूण, अंदाजे वय, नर की मादी, माणसाला किती जवळ येऊ देतं, काय खातं. आठवड्यातून दोनदा, पाळी लावून दोन-दोन ओळी लिहायच्या. फोटो काढायचा तो स्टेटससाठी नको, मागच्या फोटोशी ताडून बघायला काढा. भाटीला साधारण दोन महिन्यांत पिल्लं होतात आणि ती स्वतः पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. तेव्हा वर्गणी काढून नसबंदी कुणाची आधी करायची, हेही वहीच सांगेल. त्यानं बोक्यांची भांडणं आणि पैलवानासारख्या जखमाही कमी होतात. पशुवैद्यांकडे जाताना वही सोबत न्यायची. आपल्या भागात त्यांचा बहुतेक दिवस गाई-म्हशींत जातो. त्यांच्यापुढे मांजर टाकून "काहीतरी झालंय" म्हणण्यापेक्षा "सोमवारपासून खात नाही, डावा पाय टेकत नाही, एरवी हात लावू देत नाही पण काल दिला" असं सांगितलं तर त्यांचं निम्मं काम होतं.

लाजऱ्या मांजरांना मात्र पकडून प्रेम करू नका. लांब बसा, डोळे हळूच मिटा आणि उघडा. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की असे सावकाश डोळे मिटवणाऱ्या माणसाकडे मांजर जास्त विश्वासानं येतं. आलं तर आलं. नाही आलं तर तो त्याचा स्वभाव आणि त्याचा हक्क.

मी माझ्यापुरती वही सुरू केली आहे. मासळी बाजाराच्या बाजूला राखाडी, काळ्या पट्ट्यांचं एक तरणं पोर फिरतंय. गालफडं अजून भरायची आहेत, पण भाकरी टाकली की माणूस मागे सरकेपर्यंत थांबतं. पैलवानाचंच असावं. काल त्याच्या पानावर मी लिहिलं: "जवळ गेलो, फिसकारला, पळाला. पूर्ण खाल्लं. सगळं ठीक."